जनावरांच्या कामातून माणसाला जडणारे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य आहे. गोठ्यात, कोंबड्यांच्या शेडवर, कत्तलखान्यात, प्रयोगशाळेत राबणारी माणसं बरीच वर्षं मला हे प्रश्न विचारत आली आहेत, आणि बहुतेक वेळा ताप चढल्यानंतर. यातले बरेच आजार वेळेत ओळखले तर बरे होतात. ते ओळखले जात नाहीत, कारण आजारी माणूस आपलं काम सांगत नाही आणि तपासणारा विचारत नाही. खालची उत्तरं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

जनावराला झालेला कुठलाही रोग माणसाला होतो का?

नाही. लम्पी गुरांना होतो, माणसाला होत नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि पार्वोही माणसाला लागत नाहीत. लाळ्या-खुरकूत माणसात इतका क्वचित दिसतो की त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. लहान मुलांच्या तोंडात आणि तळहातांवर फोड येतात तो आजार निराळ्याच विषाणूचा आहे. दोघांची इंग्रजी नावं सारखी वाटतात, म्हणून घोटाळा होतो.

पण माणसाच्या माहीत असलेल्या संसर्गजन्य रोगांपैकी साधारण ६० टक्के रोग प्राण्यांकडून येऊ शकतात. जो दिवसाचे आठ-दहा तास प्राण्यांच्या अंगाशी, शेणामुताशी, रक्तामांसाशी असतो, त्याच्या वाट्याला ते आधी येतात.

हा धोका फक्त गुरं पाळणाऱ्यांना असतो ना?

गोठा हा त्यातला एक भाग झाला. खाटीक, कातडी कमावणारे, लोकर निवडणारे, कोंबड्या सोलणारे, मासे साफ करणारे, गटारात उतरणारे, भातखाचरात उभे राहणारे, जंगलात फिरणारे वनरक्षक, प्राणिसंग्रहालयातले रखवालदार, पाळीव कुत्र्यांचे केस कापणारे, रक्ताचे नमुने तपासणारे तंत्रज्ञ, हे सगळे यात आले. यातल्या काहींनी आयुष्यात एकदाही गाय दोहलेली नसते. गटारात उतरणाऱ्याला तर आपलं काम जनावरांशी संबंधित आहे हेच पटत नाही. उंदीर हेही जनावरच आहे.

जनावर ठणठणीत दिसतंय. मग भीती कशाची?

या विषयातला सगळ्यात महागात पडणारा समज हाच आहे. लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुतातून पाण्यात-चिखलात पसरणारा ताप; त्याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात आयुष्यभर राहतात आणि उंदराला काही होत नाही. क्यू ताप नावाच्या आजाराचे जंतू बाळगणारी शेळी चरते, रवंथ करते, दूध देते. डुकराच्या टॉन्सिलमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सुइस नावाचा जंतू गुपचूप बसलेला असतो. तोच माणसाच्या मेंदूच्या आवरणात शिरला तर माणूस वाचला तरी अनेकदा कायमचा बहिरा होतो. मकाक जातीच्या माकडात बी विषाणूने जेमतेम तोंडात फोड येतात. माणसात उपचाराविना तो बहुतेक वेळा जीव घेतो. म्हणून जनावर आजारी दिसलं की काळजी घ्यायची आणि एरवी नाही, हा हिशेब चालत नाही. काळजी कामाच्या प्रकारावर ठरवायची.

गाय गाभडली (मुदतीआधीच गर्भ पडला) किंवा जार (वार) अडकली तर हात घालू का?

मोजे नसतील तर नको. हे सांगायला मला फार मोल मोजावं लागलं आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री अडकलेली जार काढायला गेलो होतो. गाय सातव्या महिन्यात गाभडली होती. खांद्यापर्यंतचा मोजा आत असतानाच कोपराजवळ फाटला. पेटीत दुसरा नव्हता. मालक टॉर्च धरून उभा, गाय कुंथून थकलेली. मी मोजा काढून टाकला आणि उघड्या हाताने काम पुरं केलं. हातावर आदल्या दिवशीचा तारेचा ओरखडा होता. त्याची आठवण हात धुताना झाली, साबण झोंबला तेव्हा.

तीन आठवड्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. सकाळी मी कामावर जाण्याइतका बरा असायचो, रात्री दोनच्या सुमाराला बनियन पिळून काढावं इतका घाम यायचा. कंबर धरलेली, भूक मेलेली. पहिल्या ठिकाणी टायफॉइड म्हणून औषधं झाली, दुसऱ्या ठिकाणी मलेरिया म्हणून. दोन महिने असेच गेले. तिसऱ्या डॉक्टरांनी नाडी धरून पहिला प्रश्न विचारला, 'काम काय करता?' त्याच दिवशी ब्रुसेलाची तपासणी झाली आणि निदान लागलं. मी स्वतः पशुवैद्य असून दोन महिन्यांत हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तापाचा आणि त्या रात्रीचा संबंध मीही जोडला नव्हता.

ब्रुसेलोसिस, म्हणजे गुरांचा सांसर्गिक गर्भपात. गाभडलेल्या वासरात, जारेत आणि गर्भाशयातून येणाऱ्या स्रावात याचे जंतू अक्षरशः खच्चून भरलेले असतात. ओरखड्यातून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, श्वासातून आणि कच्च्या दुधातून ते आत शिरतात. लक्षणं एक ते चार आठवड्यांत दिसतात, कधी काही महिन्यांनी. वर-खाली होणारा ताप, घाम, सांधे आणि पाठ दुखणं, पुरुषांमध्ये वृषण सुजणं ही ओळखीची चिन्हं. उपचार किमान ६ आठवड्यांचा असतो, आणि तोही एका औषधाने भागत नाही, दोन प्रतिजैविकं एकत्र द्यावी लागतात. दहा दिवसांत बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडणारे पुन्हा आजारी पडतात.

हा जंतू ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्ये माल्टा बेटावर सैनिकांच्या तापाचं कारण शोधताना सापडला. तो शेळ्यांच्या दुधातून येतो हे माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी १९०५ मध्ये दाखवलं, तेही दिसायला निरोगी असलेल्या शेळ्या तपासून.

गाभडलेलं वासरू आणि जार उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्यांना देऊ नका. चुना टाकून खोल पुरा. गाय का गाभडली याची तपासणी करून घ्या. आणि कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचून घ्या. माणसासाठी या रोगाची लस नाही, त्यामुळे माणसाचा बचाव कालवडीच्या लसीपासून सुरू होतो.

लस टोचताना सुई स्वतःच्याच बोटाला लागली तर?

ब्रुसेलाच्या लशीत जिवंत जंतू असतात. गुरासाठी दुबळे केलेले असले तरी माणसाला ते आजारी पाडू शकतात. जखम लगेच साबणाने धुवा, लशीचं नाव लिहून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नाव महत्त्वाचं का, तर एस १९ आणि आरबी ५१ या दोन लशींसाठी औषधं वेगळी आहेत. आरबी ५१ वर रिफाम्पिसिन चालत नाही, आणि ब्रुसेलाच्या नेहमीच्या उपचारात तेच वापरलं जातं. शिवाय आरबी ५१ चा संसर्ग नेहमीच्या रक्ततपासणीत दिसतच नाही. लशीची बाटली फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

शेळ्या-मेंढ्यांना मी हातही लावत नाही, फक्त शेडजवळ काम करतो. तरी मला ताप येईल?

क्यू तापाच्या बाबतीत, हो. हा जंतू व्यायलेल्या शेळीच्या जारेतून बाहेर पडतो, वाळतो, धुळीत मिसळतो आणि वाऱ्याबरोबर लांबवर जातो. अगदी थोडे जंतू श्वासात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुभत्या शेळ्यांच्या मोठ्या फार्मांभोवती ४,००० हून जास्त लोकांना क्यू तापाचं निदान झालं. त्यातल्या कित्येकांनी कधी शेळीला हात लावलेला नव्हता. शेवटी हजारो गाभण शेळ्या माराव्या लागल्या.

नावाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांना न ओळखता येणारा ताप यायला लागला. तिथले डॉक्टर एडवर्ड डेरिक यांनी त्याला तात्पुरतं 'क्वेरी', म्हणजे प्रश्नचिन्ह, या शब्दाचं आद्याक्षर दिलं. कारण सापडलं तरी नाव तेच राहिलं.

बहुतेकांना फ्लूसारखा ताप, जबर डोकेदुखी, कधी न्यूमोनिया होऊन तो जातो. ज्यांच्या हृदयाच्या झडपेत आधीच दोष आहे त्यांच्यात मात्र तो महिन्यांनी, वर्षांनी झडपेवर जाऊन बसतो. अशा माणसाने शेळ्या विण्याच्या हंगामात शेडपासून दूर राहावं हे मी ठासून सांगतो.

जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून काळपट रक्त येतंय. चिरून पाहू?

मुळीच चिरू नका. कातडंही काढू नका. ही काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. जंतू शरीराच्या आत असेपर्यंत कुजण्याच्या क्रियेत बरेचसे मरतात. तुम्ही चिरलं की त्यांना हवा मिळते आणि ते बीजाणू बनतात. बीजाणू जमिनीत कैक दशकं टिकतात. एक सुरी चालवली तर ते कुरण पुढच्या पिढीसाठीही धोक्याचं होतं. मेलेलं जनावर झाका, कुत्री-गिधाडं येऊ देऊ नका, पशुवैद्याला बोलवा. विल्हेवाट जाळून किंवा खोल पुरून, जागच्या जागी.

माणसात बहुतेक वेळा ती कातडीवर येते. आधी किडा चावल्यासारखी पुळी, मग पाण्याचा फोड, मग मध्ये कोळशासारखी काळी खपली आणि भोवती सूज. मुख्य खूण अशी की खपली दुखत नाही. न दुखणाऱ्या जखमेसाठी कोण काम बुडवून डॉक्टरकडे जातं? म्हणूनच लोक उशिरा येतात. वेळेवर प्रतिजैविक दिलं तर हा प्रकार बरा होतो. श्वासातून गेलेला प्रकार मात्र फार घातक. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत लोकर निवडणारे कामगार त्याने मरत, इतके की रोगाला 'लोकर निवडणाऱ्यांचा रोग' असंच नाव पडलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली, तिने त्याच वर्षी केलेल्या अगदी पहिल्या शिफारशींत लोकरीतल्या अँथ्रॅक्सचा प्रतिबंध होता.

चिखलात, साचलेल्या पाण्यात काम आहे. लेप्टोसाठी आधीच गोळी घेता येते का?

थोड्या दिवसांच्या मोठ्या जोखमीसाठी, म्हणजे पूर उपसण्याच्या कामासारख्या वेळी, डॉक्टर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतात. ती वर्षभर घेण्याची गोळी नाही, गरोदर स्त्रीला चालत नाही, आणि घेतली तरी गमबूट सुटत नाहीत. पायाला चीर, भेग, चिखल्या असतील तर पाण्यात उतरण्याआधी त्या जलरोधक पट्टीने झाका.

ताप, पोटऱ्यांमध्ये हात लावू न देणारी दुखण, आणि पू नसलेले लालबुंद डोळे, हे तीन एकत्र दिसले की कावीळ दिसायची वाट पाहू नका. कावीळ, लघवी कमी होणं, खोकल्यातून रक्त, ही पुढची पायरी आहे, आणि तिथून परत येणं अवघड असतं.

गुराला रेबीज होतो? आणि त्याच्यापासून आपल्याला?

होतो. गोठ्यात तो असा येतो: म्हैस लाळ गाळतेय, घास गिळत नाही, हंबरून हंबरून आवाज घोगरा झालाय. मालकाला वाटतं, घशात काहीतरी अडकलं. तो बाही वर सारतो, जीभ बाजूला धरतो आणि कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. दाढांवर बोटं खरचटतात. चारा लागत नाही. दोन-तीन दिवसांनी म्हैस मरते आणि मग कुणाला तरी आठवतं की महिन्या-दोन महिन्यांपूर्वी गोठ्यात एक अनोळखी कुत्रं शिरलं होतं.

घशात अडकल्याची शंका आली तरी आधी हात नको, पशुवैद्य हवा. हात घातला गेलाच असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली सलग १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. मग त्याच दिवशी लस सुरू करा, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही. हळद, मिरची, चुना काही भरू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर औषध जवळजवळ कधीच चालत नाही, लक्षणांआधी दिलेली लस मात्र वाचवते. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं याने मरतात असा अंदाज आहे.

कुत्री पकडणारे, पशुवैद्य, त्यांचे मदतनीस, प्रयोगशाळेतले लोक यांनी चावा होण्याआधीच लस घ्यावी. दोन डोस, दुसरा पहिल्यानंतर सात दिवसांनी. पुढे चावलं तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, डोसही कमी लागतात. पण जखम धुणं आणि पुढचे डोस घेणं त्यांनाही चुकत नाही.

शेडमध्ये एकाएकी कोंबड्या मरायला लागल्या. साफ करू का?

आधी कळवा, मग साफसफाई. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू माणसाला होतो हे १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये पहिल्यांदा दिसलं: १८ रुग्ण, ६ मृत्यू. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलणं, पिसं काढणं, कोरडी विष्ठा झाडूने उडवणं या तीन गोष्टींत धोका सगळ्यात जास्त. आधी पाणी शिंपडा, मग ओढा. २०२४ पासून अमेरिकेत हा विषाणू दुभत्या गायींमध्येही सापडला आणि दूध काढणारे काही कामगार आजारी पडले. अनेकांना फक्त डोळे आले होते. डोळ्यावर चष्मा लावा असं मी दूध काढणाऱ्यांना पूर्वी सांगत नव्हतो, आता सांगतो.

गोचीड बोटांनी काढून नखावर चिरडली, चालेल?

नको. क्रायमियन-काँगो तापाचा विषाणू चिरडलेल्या गोचिडीतून बोटाच्या चिरेतून आत जाऊ शकतो, तसाच ताज्या कापलेल्या जनावराच्या रक्तातूनही. अंगाला चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल, उदबत्ती, काही नको.

हातावर फोड आलाय, पू नाही, पण जात नाही.

शेळ्या-मेंढ्यांच्या मावा रोगाचा फोड असेल तर तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बसतो, तो कापू नये. वासरांच्या अंगावर गोल पांढुरके चट्टे असतील आणि तुमच्या हातावर खाजणारं वर्तुळ असेल तर तो नायटा. मासे किंवा डुकराचं मांस हाताळणाऱ्याच्या बोटाला जांभळट, ठणकणारी सूज आली तर ती वेगळी, तिला पेनिसिलिन लागू पडतं. काळी आणि न दुखणारी खपली असेल तर वर जाऊन पुन्हा वाचा.

मी गरोदर आहे. गोठ्यातलं काम थांबवू का?

सगळं नाही, पण व्यायलेल्या शेळी-मेंढीपासून पूर्ण दूर राहा. तिचं बाळंतपण, जार, नुकतं जन्मलेलं करडू, आणि त्या कामातले घरच्यांचे कपडेसुद्धा नको. ब्रुसेला, क्यू ताप आणि शेळ्या-मेंढ्यांना गाभडवणारा क्लॅमिडिया, तिन्ही गर्भाला धोक्याचे आहेत. मांजरीची विष्ठा काढायचं कामही दुसऱ्या कुणाकडे द्या. घरात हे बोलायला अवघड जातं, काम टाळतेय असं वाटेल म्हणून. तर हे उत्तर वाचायला द्या.

मोजे आणि मास्क घातले की झालं?

मोजा फाटतो, माझा फाटला होता. म्हणून पेटीत नेहमी तीन जोड असू द्या. कापडी मास्क धुळीतल्या जंतूंना अडवत नाही, एन९५ लागतो आणि तो नाकाशी घट्ट बसावा लागतो. हात साबण-पाण्यानेच धुवा. शेणाने माखलेल्या हातावर सॅनिटायझर फारसं चालत नाही, आणि अँथ्रॅक्सचे बीजाणू किंवा वासरांच्या हगवणीतला क्रिप्टोस्पोरिडियम त्याने मरतच नाही. काम संपेपर्यंत तंबाखू, पाणी, मोबाइल, तिन्हींना हात नको. कामाचे कपडे आणि बूट कामावरच राहावेत, घरातल्या लहानग्यापर्यंत जंतू पोचतो तो बहुतेक बुटावरून.

यातलं साहित्य पुरवणं हे मालकाचं काम आहे. ब्रुसेलोसिस, अँथ्रॅक्स आणि लेप्टो हे तिन्ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. मोजे मागणं म्हणजे नखरे नव्हेत.

डॉक्टरांकडे गेल्यावर नेमकं काय सांगायचं?

ताप सांगण्याआधी काम सांगा. 'मी शेळ्यांच्या शेडवर असतो, तीन आठवड्यांपूर्वी दोन शेळ्या गाभडल्या, मी जार उचलली.' एवढं एक वाक्य पुरे. गेल्या दोन-तीन महिन्यांत मेलेलं, गाभडलेलं, चावलेलं जनावर, सुई टोचणं, गोचीड, कच्चं दूध, जे घडलं ते सांगा.

याने किती फरक पडतो ते मलेशियात दिसलं. १९९८-९९ मध्ये तिथे मेंदूज्वराने माणसं मरू लागली, तेव्हा आधी तो डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर समजला गेला. फवारणी झाली, लसी दिल्या, मरणं थांबेनात. मग लक्षात आलं की मुलं आजारी पडत नाहीयेत. आजारी पडतायत ती डुकरांच्या फार्मवर काम करणारी मोठी माणसं. तो निपाह होता, तोवर जगाला माहीत नसलेला विषाणू. शंभरहून जास्त माणसं गेली.

बरा झाल्यावर पुन्हा त्याच कामावर जाऊ का?

औषधांचा पूर्ण कोर्स आणि डॉक्टरांची फेरतपासणी झाल्यावर जा. पण एकदा ब्रुसेला झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नसतं, लेप्टोही दुसऱ्या जातीच्या जंतूने पुन्हा होतो. ज्या गोठ्यातून आजार आला तिथल्या गुरांची तपासणी तुम्ही परतण्याआधी झाली पाहिजे, आणि तुमच्या शेजारी काम करणाऱ्यांचीही. मी त्या मालकाकडे पाच महिन्यांनी गेलो. तपासणीत त्याच्या आणखी तीन गायी बाधित निघाल्या. त्याच्या बायकोला वर्षभर गुडघेदुखी होती, वयामुळे असेल म्हणून ती तेल चोळत होती. तिचंही रक्त आम्ही त्याच दिवशी पाठवलं.